हरलेल्याचं नाव आधी

वेदगंगेच्या दोन्ही काठांवर आमच्या अण्णांइतका रागीट माणूस झाला नाही, आणि मी जितका राग अण्णांचा केला तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही. सख्ख्या भावाचासुद्धा नाही, आणि तो तर माझी सायकल विकून मोकळा झालेला माणूस आहे. अण्णा म्हणजे निपाणीच्या एका छोट्याशा दैनिकाच्या खेळाच्या पानाचे सर्वेसर्वा. मी त्या पानावर पहिली नोकरी धरली तेव्हा खासबागेत आमच्या विणकराच्या घरी माग बंद ठेवून पेढे वाटले होते. पोरगी पेपरात लागली! आत्याकडं निपाणीत राहायची सोय झाली, नवे दोन ड्रेस शिवले, आणि मी कार्यालयाची पायरी चढले तर आत अण्णा एका प्रिंटरला हिंदीत शिव्या देत होते. अण्णांच्या रागाच्या भाषा ठरलेल्या होत्या. माणसांवर मराठीत, वीज गेली की कन्नडमध्ये आणि यंत्रांवर हिंदीत. मी नमस्कार केला तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तू खेळाची व्हय? बस. आणि हे बघ, क्रिकेट मला ठाऊक हाय म्हणून सांगू नगंस. ते शेळीलाबी ठाऊक हाय."

मी तेच सांगणार होते.

पहिली बातमी लिहिली ती एका कबड्डी सामन्याची. जीव ओतून लिहिली. 'श्वास रोखायला लावणाऱ्या या थरारक लढतीत' अशी सुरुवात. अण्णांनी कागद उचलला, पुढच्या टेबलावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "किती जणांचा श्वास अडकला गं? दवाखान्यात किती न्यावं लागलं?" मी नकारार्थी मान हलवली. "कुणी न्हाई न्हवं? मग काढ ते. गुण किती, चढाई कुणाची, पकड कुणी केली, ते लिव. थरार वाचणाऱ्याचा त्यो बघून घील." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन ओळींत बसवली माझी बातमी! आत्याला घरी जाऊन सांगितलं की हा माणूस वेडा आहे. आत्या म्हणाली, "अगं, सगळं गाव सांगतंय ते, तू नवं काय सांगितलंस?"

पण त्यांचा खरा राग होता पाहुण्यांवर. आमच्याकडं गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेलासुद्धा व्यासपीठावर माणसं मैदानापेक्षा जास्त असतात. अमुक यांच्या हस्ते, तमुक यांच्या शुभहस्ते, आणि शेवटी कोण जिंकलं ते लिहायला कागदावर जागा उरलेली नसते. एकदा एक मंडळवाले फोटो घेऊन आले. एक ढाल आणि ती धरलेले अकरा जण, सगळे कडक इस्त्रीतले. अण्णांनी चष्मा पुसून फोटो न्याहाळला. "ह्यात खेळाडू कुठला?" मंडळवाल्यानं बोट ठेवलं. पाहुण्यांच्या कोपरांमधून एक हात तेवढा ढालीपर्यंत पोचला होता. "मग हात तेवढा छापतो," अण्णा म्हणाले, आणि खरंच तेवढाच कापून घेऊन छापला. खाली त्या पोराचं नाव. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो काय शिमगा झाला! मालक हात जोडून उभे, मंडळवाले ओरडताहेत, आणि अण्णा निवांत चहा पिताहेत, तोही गार झालेला, आणि तो गार का झाला म्हणून चहावाल्यावर उखडताहेत.

मैदानावर कसं वागायचं हेही त्यांनीच शिकवलं, अर्थात ओरडून. मंडपात बसायचं नाही, खुर्ची दिली तर घ्यायची नाही. हरलेला खेळाडू जिथून बाहेर पडतो तिथं उभं राहायचं. "जिंकलेला तुला सोडत न्हाई, घरापतूर येऊन बातमी सांगतोय. हरलेला एकदा गर्दीत गेला की गेला." म्हणून आमच्या पानावर निकाल नेहमी उलटा छापला जायचा. हरलेल्याचं नाव आधी, जिंकलेल्याचं मागून. अख्ख्या जिल्ह्यात असली तऱ्हा नव्हती. जिंकलेले येऊन भांडायचे. अण्णा म्हणायचे, "जिंकलाईस न्हवं? मग शांत हो. तुझं नाव सगळी घेत्यात. त्येचं एकदा आमी घेतलं तर काय बिघडलं?" त्यात आणि भर म्हणजे खरं गाव. कुस्तीच्या मैदानात पैलवानाला त्याच्या तालमीच्या गावानं पुकारतात. अण्णांना ते मंजूर नव्हतं. पैलवान कुठल्याही तालमीत असो, तो मुळात कुठल्या गावचा ते शोधून काढेपर्यंत हा माणूस फोन ठेवायचा नाही. त्याच्या गावात कुणाला तरी कळायला पायजे की आपलं पोरगं लढून आलंय, हे त्यांचं म्हणणं. मला हे सगळं लई आवडायचं. राग यायचा, पण आवडायचं, कुणाला सांगायची सोय नव्हती एवढंच.

आणि ह्याच आवडणाऱ्या गोष्टीनं घात केला.

कोगनोळीच्या अलीकडं एका गावात यात्रेचं मैदान होतं. मुलींच्या कुस्त्याही होत्या. 'कागलची' म्हणून पुकारलेली एक पोरगी, सावळी, काटक, अशी झुंजली की बघत राहावं. शेवटी पट काढायला म्हणून समोरचीच्या पायाला झोंबली, तिनं वरून पाठीवर कब्जा घेतला, घिस्सा डाव बसला आणि ही चीत. मी शिकवल्याप्रमाणं वाटेत उभी. ती पाठीला तांबडी माती घेऊन आली आणि माझ्या हातातली वही बघून दचकलीच. "ताई, पेपरात माझं नाव घालू नका. पाया पडते तुमच्या." आणि खरंच वाकली. मी का म्हणून विचारेपर्यंत तिच्या मामानं हाक मारली आणि ती गेली.

मी ऑफिसात येऊन अण्णांना सांगितलं. झालं! ताडकन उठले. "हरल्याची लाज वाटत्या व्हय तिला? एवढी चांगली लढली आणि लाज? मग तर छापायलाच पायजे!" मी म्हटलं, "अण्णा, लाज नव्हती वाटत. घाबरली होती ती." "हरलेली सगळीच घाबरलेली असत्यात." "ती पाया पडली हो माझ्या!" "मग काय, पाया पडली म्हणून ती लढलीच न्हाई असं लिवायचं?" माझ्याकडं कारण नव्हतं, त्यांच्याकडं आवाज होता. मी कागद त्यांच्या टेबलावर आपटून खुर्चीत जाऊन बसले. अण्णांनी मैदानातल्या निवेदकाला फोन लावला आणि पोरगी कागलची नाहीच, आपल्याच भागातली, हे शोधून काढलं. केवढा आनंद झाला त्यांना! सकाळी पानावर पहिलं नाव तिचं, पुढं तिचं खरं गाव, ठळक अक्षरांत.

दुपारी तिचा मामा आला. दारातूनच सुरू झाला. पोरगी कॉलेजसाठी त्याच्याकडं कागलला राहत होती, तिची हौस बघून त्यानंच तिला तालमीत घातलं होतं, आणि तिच्या घरी यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सकाळी गावातल्या सलूनमध्ये कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचला. खुर्चीत दाढीला तिचा बाप बसलेला. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठला, कागलला गेला आणि पोरीला घेऊन आला. तालीम बंद, कॉलेज बंद. "कुणी सांगिटलं हुतं तुमाला गाव हुडकाय?" मामा ओरडला. मी अण्णांकडं बघितलं. म्हटलं, आता स्फोट होणार. पण तो माणूस नुसता बसून राहिला. मलाच राहवेना. मामासमोरच मी ओरडले, "मी सांगितलं होतं तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आत्याच्या दारात. "चल. तिच्या बापाकडं जाऊ." बसमध्ये मला वाटत होतं, हा माणूस तिथं जाऊन भांडणार आणि होतं नव्हतं तेही घालवणार.

तो भांडलाच नाही. भांडायला समोर माणूसच नव्हता. पोरीचा बाप शांत. या बसा म्हणाला, चटई टाकली, चहा सांगितला. अण्णांनी हात जोडले. हळू बोलायची सवयच नाही, त्यामुळं घशातून नुसती घरघर बाहेर पडली. "चूक माझी हाय. पोरीला शिक्षा नगो. लई चांगली लढत्या ओ तुमची पोरगी." बाप म्हणाला, "तुमची कसली चूक? तुमी खोटं न्हाई छापलं. खोटं आमाला पोरीनं सांगिटलं." "कॉलेजला तरी पाठवा." "बघू की. पाव्हणं बघाय येणार हाईत, ते काय म्हणत्यात बघू." एवढं गोड बोलून एखाद्या पोरीचं दार लावता येतं हे मी त्या दिवशी बघितलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की चहाचा कप भिंतीवर फेकावा वाटला.

चहा तिनंच आणला होता. आम्ही निघालो तेव्हा कप उचलायच्या निमित्तानं ती उंबऱ्याशी आली. अण्णा तिला म्हणाले, "पोरी, मला वाटलं तुला हरल्याची लाज वाटत्या." तिनं मान वर केली. "लाज कसली अण्णा? पुढच्या मैदानात जिंकल्यावर मीच सांगणार होते घरात. ढाल घेऊनच येणार होते." मग आतून आईची हाक आली आणि ती गेली. पुन्हा ती कुठल्या मैदानात दिसली नाही. पाव्हणे आले, पसंती झाली, लग्न झालं. कुठं दिलं तेही मला ठाऊक आहे, पण इथं लिहिणार नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले होते. कोगनोळी मागं पडल्यावर एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "त्या दिशी तू माझ्याशी आणि जोरात का भांडली न्हाईस गं?"

आई शप्पथ! म्हणजे चूक माझी! माझा बांधच फुटला. भरल्या बसमध्ये मी जे तोंड सोडलं ते सोडलं. तुम्ही कुणाचं ऐकता का, तुम्हाला तुमच्या रीतीपुढं माणूस दिसतो का, त्या पोरीचं वाटोळं केलंत, तुम्हाला गाव सापडल्याचा आनंद झाला होता, मी बघितलाय तो आनंद! कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. पुढच्या सीटवरची बाई मान वळवून वळवून बघत होती. आणि आयुष्यात कुणाचं एक वाक्य पुरं होऊ न दिलेला तो म्हातारा मान खाली घालून, मांडीवर दोन्ही हात ठेवून सगळं ऐकत होता.

माझा श्वास संपला तसे ते अगदी हळू म्हणाले, "आणिक काय हाय? बोल की. बोल पोरी."

पण मला रडायलाच आलं.