मामांचं उडतं कोकरू

घरात राहणं ही माझ्या सासऱ्यांच्या लेखी तात्पुरती सोय आहे. मांडवगण फराट्यात ती गेली पंचेचाळीस वर्षं चालू आहे. घरावर स्लॅब पडला, अंगणात बोअर झालं, चारी बाजूंनी ऊस उभा राहिला. पण मामांनी (मी त्यांना मामाच म्हणतो) तिथं अजून मनानं मुक्काम टाकलेला नाही. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, लेकरं असं सगळं बिऱ्हाड घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं आणि उन्हाळा सरता सरता माघारी यायचं. मामा पंचविशीत असताना मेंढरं गेली, जमीन आली, विहीर आली, आणि तेव्हापासून हा माणूस निघायच्या तयारीत जो बसला आहे तो बसलाच आहे. त्यांच्या खाटेखाली एक गाठोडं कायम बांधलेलं असतं. त्यात घोंगडी, तांब्या, तवा आणि मिठाची पुडी. सासूबाई होत्या तोवर दर दिवाळीला त्या ते सोडून घोंगडीला ऊन दाखवत आणि पुन्हा जसंच्या तसं बांधून ठेवत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी 'कुठं निघालात?' असं एकदाही विचारलं नाही, हे मला दोघांच्याही मोठेपणाचं लक्षण वाटतं.

शिरूरला आमच्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा राहायला आले तेव्हा मी जावयाच्या उत्साहानं त्यांना एसीची खोली दिली. सकाळी पाहतो तर खोली रिकामी. मामा खाली पार्किंगमध्ये, माझी गाडी आणि शेजाऱ्यांची स्कूटर यांच्या मधल्या जागेत घोंगडी टाकून बसलेले, आणि आमचा बिहारकडचा वॉचमन त्यांना अदबीनं चहा देत होता. "बाबूजी बोले, यहाँ हवा अच्छी है," तो मला म्हणाला. मामांनी मला समजावून सांगितलं, "वर झोप लागत न्हाई, जावईबापू. खाली काय चाललंय ते कळत न्हाई." त्यांची दुसरी सवय मोजण्याची. कुठूनही निघताना ते सोबतची माणसं मोजतात, दोनदा मोजतात, आणि आकडा जुळल्याशिवाय गाडीला पुढं जाऊ देत नाहीत. एका लग्नाहून परतताना वऱ्हाडाची बस त्यांनी अशीच अडवून धरली. एक माणूस जास्त भरत होता. सगळे वैतागले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, आणि शेवटी मागच्या सीटवर एक गृहस्थ सापडले. ते शेजारच्या कार्यालयातल्या लग्नाला आलेले होते आणि आमच्या बसमध्ये गाढ झोपले होते.

त्यांच्या आयुष्यात ड्रोन आला तो माझ्या धाकट्या मेहुणीच्या लग्नात. दौंडच्या फोटोग्राफरनं तो उडवला आणि मांडवातल्या सगळ्या नजरा एकदा वर जाऊन पुन्हा नवरानवरीकडं आल्या. मामांची नजर मात्र वरच राहिली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, भटजी दोनदा म्हणाले, "आबा, खाली बघा," तरी कन्यादानाचं पाणी मामांनी आभाळाकडं बघतच सोडलं आणि त्यातलं निम्मं भटजींच्या मांडीवर गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळच्या एसटीनं दौंडला जाऊन त्या फोटोग्राफरच्या दुकानात बसू लागले. काही मागायचे नाहीत, नुसते बसायचे आणि काचेच्या कपाटातल्या ड्रोनकडं बघायचे. फोटो काढायला आलेली माणसं त्यांनाच मालक समजून पासपोर्ट फोटो मागायची. तिसऱ्या आठवड्यात फोटोग्राफरनं स्वतःसाठी नवा ड्रोन आणला, जुना मामांना दिला, चालवायला शिकवला, आणि आपली खुर्ची मोकळी करून घेतली.

मामांनी त्याला कोकरू म्हणायला सुरुवात केली आणि सगळे लाड सुरू केले. आल्या दिवशी हळद लावली. बाहेरून आणलं की पंखे फडक्यानं पुसायचे. हरवलं तर आवाज यावा म्हणून त्याच्या एका पायाला घुंगरू बांधलं. घुंगराच्या वजनानं ते एका अंगाला कलून उडायला लागलं आणि चौथ्या दिवशी थेट उसात शिरलं. तासभर आम्ही पाचटात शोधत होतो. अडकलेले पंखे मधूनच फडफडायचे, घुंगरू किणकिणायचं, त्या आवाजानं ते सापडलं. ते पडलं घुंगरामुळं आणि सापडलं तेही घुंगरामुळंच, त्यामुळं घुंगरू ठेवावं की काढावं हा वाद आमच्या घरात महिनाभर चालला. शेवटी माझ्या बायकोनं एक दिवस ते कापून टाकलं आणि उंदरानं कुरतडलं म्हणून सांगितलं.

त्या दिवसांत शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत ड्रोनची मोठी धास्ती होती. चोर ड्रोननं घरं हेरतात अशी बोलवा उठली होती आणि गावोगाव माणसं काठ्या घेऊन गस्त घालत होती. मांडवगणच्या गस्तीत मामा स्वतः पुढं होते. अशा हवेत हा माणूस भर दुपारी आपलं कोकरू घेऊन वडगाव रासाईला बहिणीकडं गेला आणि तिला दाखवायचं म्हणून भीमेच्या काठावर त्यानं ते उडवलं. दहा मिनिटांत पंधरा-वीस जण काठ्या घेऊन गोळा झाले. मामांची ही थोरली बहीण, जिला अख्खं वडगाव आक्का म्हणतं आणि म्हणून मीही म्हणतो, ऐंशी पार केलेली, गुडघ्यांनी अधू, पण जिभेनं ठणठणीत. ती काठी टेकत मधे येऊन उभी राहिली. "चोर न्हाई, माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "चोरी करायची अक्कल असती तर आजवर काय तरी केलं असतं त्यानं." लोकांना ते पटलं. मामांना या सुटकेचा आनंद मानावा की नाही ते कळेना, आणि त्यांनी मला ही हकिगत सांगताना शेवटचं वाक्य गाळलं. ते मला आक्कानं सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी मी त्यांचा कसलासा सरकारी फॉर्म मोबाईलवर भरत होतो. जन्मस्थान विचारलं तर मामा म्हणाले, "वाटंवर."

"कुठल्या वाटेवर?"

"कोकणात उतरायच्या. घाटात."

फॉर्मला घाट चालणार नव्हता, म्हणून मी मांडवगण फराटा लिहून मोकळा झालो. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, तुमी लिवलं ते खोटं हाय. मला त्या जागंचा फोटू पायजे. आक्काला ठावं हाय." आक्का तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती आणि बाळंत होणाऱ्या आईपुढं आडोशाला घोंगडी धरून तीच उभी होती. पायरीसारखा खडक, त्याच्या पोटात पाण्याचं टाकं, आणि वर हिरड्याची तीन झाडं, एवढी खूण तिच्या डोक्यात पक्की होती. ती पायवाट आता कोणी वापरत नाही, आक्काचे गुडघे जिना चढायलाही तयार नाहीत, आणि मामांना डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितलेली. राहता राहिलं कोकरू.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. आक्का पुढं, गाडी लागू नये म्हणून नाकाशी लिंबू धरून; मामा मागं, मांडीवर ड्रोन, त्याच्यावर घोंगडीचा तुकडा. नारायणगाव येईपर्यंत मी पाच वेळा गाडी थांबवली, कारण रस्त्याच्या कडेला कुठं गवत बरं दिसलं की मामा मागून म्हणायचे, "हितं घटकाभर थांबूया. चारा चांगला हाय." पहिल्या वेळी मी सांगितलं की गाडी पेट्रोलवर चालते. मग सांगायचं सोडून दिलं. थांबायचं, त्यांनी उतरून गवत हातात घेऊन बघायचं, आक्कानं आतूनच "वाळल्यालं हाय" म्हणायचं, की निघायचं. जुन्नर मागं टाकून पश्चिमेला गाडीरस्ता जिथं संपतो तिथं पोचायला आम्हाला अकरा वाजले. पुढं कडा, आणि कड्याखाली निळसर धुरकट कोकण.

वारा होता, पण झेपेल इतका. मामा कड्यापासून चार हात मागं उकिडवे बसले आणि कोकरू उडालं. त्याचं चित्र मोबाईलवर येत होतं; तो पडदा मी दोघांच्या मधे, आक्कापुढं धरला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा करून पाहिला.

"हे काय हाय?"

"डोंगर हाय, आक्का," मामा म्हणाले.

"डोंगर कुठला? करपलेली भाकर दिसतीय."

मामांनी ते आणखी उंच नेलं, म्हणजे सगळा मुलूख एकदम दिसेल. आक्का वैतागली. "मी काय घार हाय व्हय? मी तिथनं चालत गेले. खाली आण. माणसाएवढं कर."

तिचं म्हणणं मला आधी कळलं नाही. मामांना मात्र कळलं. त्यांनी ड्रोन कड्याच्या कडेनं हळूहळू उतरवला, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आणला आणि झुडपांत बुजलेल्या त्या जुन्या वाटेवरून पावलापावलानं चालवायला लागले. इतकं सावकाश चाललेलं उडतं यंत्र मी कधी पाहिलं नव्हतं. आक्काचा चेहरा बदलला. "डाव्या अंगाला घे," ती म्हणाली. "हितं घोडी बुजायची. आता वळण यील." वळण आलं. "खाली उतार. निसरडं हाय, बेतानं." मामा खरोखरच बेतानं उतरले. मग डोंगराची एक सोंड ओलांडली आणि पडद्यावर पायरीसारखा खडक आला, त्याच्या पोटात काळं पाणी, आणि वर हिरडे. दोनच होते.

"तिसरं गेलं," आक्का म्हणाली. मग बोट टेकवून म्हणाली, "हितं. घोंगडी मी हितं धरली हुती."

मामा बघायला वाकले आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

कोकरू सोंडेच्या आड गेलं होतं आणि त्याचा संपर्क तुटला होता. मी बटणं दाबून पाहिली, हात वर करून पाहिला. काही नाही. मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते उठून कड्याच्या टोकाशी गेले, इतके टोकाशी की मी मागून त्यांचं धोतर धरलं, आणि त्यांनी दरीत हाळी दिली. पंचेचाळीस वर्षं मांडवगणच्या उसात त्या आवाजाला जागा मिळाली नसावी. घशाच्या तळातून निघून तो समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला. त्यांनी दुसऱ्यांदा हाळी दिली. तिसऱ्या वेळी सोंडेमागून एक ठिपका सरळ वर आला, क्षणभर थांबला, आणि आमच्या दिशेनं निघाला. मामांच्या पायाशी येऊन बसला.

"वळख ठेवली," मामा म्हणाले.

संपर्क तुटला की उडाल्या जागी परत यायचं, ही सोय त्या यंत्रात असते आणि फोटोग्राफरनं ती माझ्यासमोर लावून दिली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

कोकराच्या कॅमेऱ्यात सगळी वाट टिपली गेली होती, म्हणजे फोटो मिळाला होता. मी म्हटलं, जेवून निघू, म्हणजे उजेडी घरी पोचू. मामा तिथंच कड्याजवळच्या एका खडकावर बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी आक्काला विचारलं, "तवा कितीक येळ थांबलो हुतो गं आपण हितं?"

"सकाळच्याला तू झालास. ऊन कललं तसं निघालो," आक्का म्हणाली. "मेंढरं काय थांबत्यात व्हय कुणासाठी."

"मंग ऊन कलंस्तवर बसू."

आम्ही भाकरी खाल्ली. आक्का गाडीत सीट मागं करून झोपली. मामा दरीकडं तोंड करून बसले होते आणि मी त्यांच्या मागं. उन्हं कलली, खालची निळाई गडद झाली, तसे ते आपणहून उठले. कड्याखाली जिथवर ती वाट दिसत होती तिथवर त्यांनी नजर नेली. उतार बराच लांब होता.

"आय लई दमली आसंल ओ त्या दिशी," ते म्हणाले, आणि आक्काला उठवायला गाडीकडं गेले.