वेशीवर थांबलेले पितांबरभाऊ

आमचे साडू पितांबरभाऊ पहूरचे. सासरच्या लग्नात हे कुठल्याच कामाला हात लावत नाहीत, आणि दोनदा बोलावणं गेल्याशिवाय पंगतीला बसत नाहीत. पुण्यात शिकताना ते कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचे. राक्षस, जादूगार, किल्ले, सगळं नुसत्या इंग्रजी अक्षरांत, आणि पलीकडे देशोदेशीचे खेळणारे. तिथे हे म्हणे सरदार होते.

नव्व्याण्णव साली जळगावात नेट कॅफे निघाला, तसे मला सोबत घेऊन हे सात वर्षांनी आपल्या राज्यात परतले. खेळातल्या नगराच्या वेशीपाशी पोचले आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"आत चला ना," मी म्हटलं.

"घ्यायला येईल कोणी. सरदार असा आपण होऊन आत शिरतो का?"

आत सगळे मिळून तिघं खेळत होते, आणि यांना ओळखणारं त्यांत कोणी नव्हतं. रुसलेल्या व्याह्यासारखे हे अर्धा तास बसून राहिले. मग पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली: तुम्ही बराच वेळ काहीच केलेलं नाही, म्हणून तुम्हाला बाहेर काढलं आहे.

एवढं साधं वाक्य आमच्या सासरच्या एकाही माणसाला आजवर बोलता आलेलं नाही.