उकंड्याचा वारा

दर्यापूरकडच्या खेड्यांत ज्वारीची मळणी झाली की उकंडा नावाच्या गड्याचा भाव वधारायचा. खळ्यात तिवईवर चढून टोपल्यातलं धान्य वाऱ्यावर सोडायचं, म्हणजे भुसा उडून जातो आणि दाणा पायाशी पडतो. पण त्यासाठी आधी वारा हवा. तो कधी येणार, किती टिकणार, हे उकंडा चिमूटभर भुसा सोडून सांगायचा. वारा जसा काही त्याच्या घरचा सालदार! उकंडा मिरवायचाही तसाच, खोटं कशाला बोला.

तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसांत जुंपली आणि इकडे वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. वाटेत लोक गाठींत पाणी मारत, माल बदलत. म्हणून एका व्यापाऱ्याने त्या उन्हाळ्यात गाठींबरोबर दोन भरवशाचे गडी मुंबईला धाडले, उकंडा आणि त्याचा जिवाभावाचा चंद्रभान. खानदेशापर्यंत बैलगाड्या, पुढे आगगाडी. माल पोचता झाल्यावर चंद्रभान म्हणाला, एवढ्या लांब आलोच आहोत, तर समुद्रस्नानाचं पुण्य पदरात पाडून घेऊ.

किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसला होता. तो म्हणाला, "आज पाण्यात उतरू नका. लाटा बघा, एक इथं तर तिच्या मागची कुठच्या कुठं लांब. लांब दर्यात वारा उठलाय. मागून मोठ्या येतील."

चंद्रभान थबकला. धोतराचा काचा धरून त्याने मित्राकडे पाहिलं. "तू सांग बाप्पा. वाऱ्याचं तुलेच समजते."

झालं! उकंड्याने अंगातल्या बंडीला चिकटलेली कापसाची चिमूट काढून हवेत सोडली. ती सरळ वाळूवर पडली. त्याने जन्मात पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे पूर्णेचा डोह, आणि तिथे वारा पडला की पाणीही निजतं. परक्या म्हाताऱ्यानं आपल्याला वारा शिकवावा, हेही त्याला थोडं झोंबलं असणार.

"वाराच नाई तं लाट कायची येते? जाय बिनघोर," तो म्हणाला.

चंद्रभान छातीभर पाण्यात हात जोडून उभा राहिला. पहिली मोठी लाट डोक्यावरून गेली, तेव्हा तो हसत वर आला. दुसरीनंतर आला नाही.

गावी परतून उकंड्याने एवढंच सांगितलं, "लाट आली अन् घेऊन गेली." ते खोटं नव्हतं, आणि धड खरंही नव्हतं. त्यानंतर कोणी वाऱ्याचं विचारलं, की तो मान हलवून निघून जायचा. लोक म्हणाले, दुःखानं बिचाऱ्याची विद्या गेली. चंद्रभानची बायको शकुन हिचं खळं मात्र तो दरवर्षी न बोलावता उपणून द्यायचा. गाव वाहवा करायचं आणि त्याला घास गोड लागायचा नाही. अपराधी माणूस दुसरं करणार तरी काय?

शकुन जिभेची तिखट. खाली टोपलं भरता भरता ती मेलेल्या नवऱ्याचा उद्धार करायची. अशाच एका वर्षी वारा पडलेला, उकंडा तिवईवर ताटकळलेला आणि खालून तोंडाचा पट्टा सुरू.

"तुमी वाऱ्याचे जानकार, भाऊजी. तुमी नको म्हनलंच असन. पन तो मानूस कोनाचं आयकते? सोताच्या हट्टापायी गेला, अन् मले उघड्यावर टाकून गेला."

हे उकंड्याने पूर्वीही ऐकलं होतं आणि दर वेळी मान खाली घातली होती. आज मात्र त्याला स्वतःची किळस आली. चंद्रभानचा जीव आपल्यापायी गेला तो गेलाच. आता त्याचं नावही आपणच बुडवतो आहोत. तो तिवईवरून उतरला.

"वयनी, चंद्रभान हट्टी नव्हता. कोळी नको म्हने, तं तो थांबला होता. मीनंच म्हनलं, वारा नाई, बिनघोर जाय. त्यानं माह्यं आयकलं."

शकुनच्या हातातलं टोपलं तसंच राहिलं. आता शिव्या बसतील म्हणून उकंडा वाट पाहत उभा राहिला, जवळजवळ आशेने. पण ती हळूच ज्वारीच्या राशीशेजारी बसली.

"इतके वर्सं मी त्याले शिव्या देल्या," ती म्हणाली. "अन् तुमी वर उभं राहून आयकत होते."