थंडीत बंद पडणारा फोन

डिसेंबरातले ते दोन दिवस निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाहीत. मोबाइल तेव्हा नुकतेच खेड्यापाड्यांत पोचले होते. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळी आठला आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरचे यजमान धापा टाकत ठाण्यात आले. पहाटे पलीकडच्या गावातून बाळंतपणाचा निरोप आला होता. सिस्टरनी आरोग्य केंद्राच्या जीपच्या ड्रायव्हरला फोन लावला, तो बंद लागला. मग त्या एकट्याच स्कूटीवर निघाल्या आणि गावात पोचल्याच नाहीत. आता त्यांचाही फोन बंद होता.

मिसिंगची नोंद करून आम्ही डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजू पिंजून काढल्या. स्कूटीसुद्धा सापडली नाही. त्या भागात अस्वलांचा वावर. जसजसा दिवस कलू लागला तसतसा माझा जीव वरखाली होत होता. अशात खबऱ्यानं कानावर घातलं, "साहेब, आठ दिवसांआधी सिस्टरनं ड्रायव्हरची तक्रार केली होती. 'पाहून घेतो' म्हने तो."

ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, शांत माणूस. धमकी दिल्याचं त्यानं लगेच कबूल केलं. "रागात बोललो जी. पन फोन मी बंद नाई केला. पहाटे थंडीत कोनाचा फोन आला नाई तं लावाले गेलं का आपोआप बंद पडते. गरम झाला का मंग चालू होते."

मी त्याचा फोन टेबलावर ठेवला. बॅटरीच्या तीन काड्या स्पष्ट दिसत होत्या. "चार्जिंग आहे, मग बंद कसा पडेल?"

"बाहेर थंडीत ठेवून पाहा ना साहेब. आन् सिस्टर रस्त्यानं नसन गेल्या. घाई असली का त्या तलावाच्या पाळीवरून जाते. तिकडं नाला हाय, तिथी पाहा."

मला वाटलं, हा शोधपथकाला तलावाच्या बांधाकडे, भलतीकडे पाठवू पाहतोय. माणसं त्याच्या घराभोवतीच्या झुडपांत लावली आणि त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना हवालदार माझ्याकडे आले. ड्रायव्हर रात्रभर तेच सांगत होता, म्हणून त्यांनी फोन व्हरांड्यात ठेवला होता. त्यावरून मी नंबर लावला. पडदा काळा झाला. स्वेटरच्या आत धरून थोड्या वेळानं चालू केला, तर पुन्हा तीन काड्या.

बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला घरून बोलावलं. तो म्हणाला, "थंडीत बॅटरी सुस्त होते साहेब. चार्जिंग आत राहते, पन एकदम जोर देता येत नाई. फोन लावताना नाई तं वाजतानाच जोर लागते. आन् हा उन्हाळाभर जीपच्या काचेखाली तापला असन. गरमीनं बॅटरी लवकर म्हातारी होते."

म्हणजे ड्रायव्हर खरं बोलत होता. मग नाल्याचंही खरं असणार. मी गाडी काढायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, "मीही येतो. पाळीवर कुठी गाडी फसते ते मले ठाव हाय."

नाल्यात बांबूच्या बेटाआड स्कूटी उलटी पडली होती. तिच्याखाली सिस्टरचा पाय अडकलेला, फोन शेजारी फुटून पडलेला. ओठ निळे पडलेले, पण श्वास चालू होता. ड्रायव्हरनं स्कूटी उचलली, अंगातला स्वेटर काढून त्यांच्यावर घातला. डोळे उघडून त्यांनी पहिलं विचारलं, "ते बाई बाळंत झाली का?"

"झाली. पोरगी हाय," ठाण्यात कानावर आलेलं त्यानं सांगितलं.

दवाखान्यातून परतल्यावर मी त्याला सांगितलं की माझं चुकलं. तो खाली पाहत म्हणाला, "काल सांगतलं होतं जी मी." आणि घरी गेला.

माणूस भांडला, धमकी देऊन बसला, म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य खोटं ठरत नाही. त्यानं मला तपासायची रीतसुद्धा सांगितली होती. पडताळायला जराच वेळ लागला असता. मी एक अख्खी रात्र घालवली, आणि ती सिस्टरनी नाल्यात काढली.