आईच्या टॅबसाठी नेहरू प्लेसची सफर

शनिवारी सकाळी आईच्या टॅबनं मान टाकली आणि आमची सहल ठरली. कंपनीची निशाणी उमटायची, विझायची, परत उमटायची. मी आयटीत, तरी अर्धा तास नुसती बटणं दाबत बसले. आईचा चेहरा बघवेना.

कारण त्यात तिचं लिखाण होतं. अकोल्यात चाळीस वर्षं नर्स होती ती. दिल्लीतल्या द्वारकेत माझ्याकडे राहायला आल्यापासून एका बोटानं टाइप करत सगळं लिहून काढत होती. कुणाला दाखवायची नाही. "कॉपी ठेव गं" म्हटलं की, "म्हणजे तू वाचशील!"

चलो नेहरू प्लेस, दिल्लीचा कॉम्प्युटर-मोबाइलचा बाजार! द्वारकेहून मेट्रोची ब्लू लाइन, जनकपुरी पश्चिमला मॅजेंटा, मग कालकाजी मंदिरहून एकच स्टेशन. सव्वा तास धरा. जनकपुरीला चालणं फार आहे, चपला आरामाच्या घाला. आईनं टॅब पूर्ण वेळ पोटाशी धरला होता.

पहिल्या दुकानदारानं वर न बघताच सांगितलं, "रीसेट मारना पड़ेगा, डेटा जाएगा."

"मग राहू दे बंद," आई मराठीतच म्हणाली आणि उठली. तिचे डोळे भरले होते. मी पार हबकले. चाळीस वर्षं हिनं दुसऱ्यांची रडारड सांभाळली होती.

बाहेर रामलड्डूची गाडी दिसली. गोड खाऊन बरं वाटेल म्हणून आईनं मागवले, तर निघाली मुगाची भजी, वर किसलेला मुळा आणि झणझणीत चटणी. प्लेट पन्नासला. "हे कसले लाडू?" म्हणत तिनंच दोन तृतीयांश संपवले!

पोटात गेल्यावर धीर आला. वरच्या मजल्यावर एक चष्मेवाल्या बाई एकट्याच दुरुस्ती करत बसल्या होत्या. त्यांनी टॅब हातात घेतला आणि हसायलाच लागल्या.

"आंटीजी, पहले इसका स्वेटर उतारिए."

स्वेटर म्हणजे आईनं जुन्या नऊवारीचं शिवलेलं, कापूस भरलेलं कव्हर. धूळ बसू नये म्हणून त्याला कडेनं घट्ट इलॅस्टिक. ते नेमकं आवाजाच्या बटणावर बसलं होतं, रात्रंदिवस दाबत, म्हणून टॅब धड सुरूच होत नव्हता! आणि मी आयटीतली बाई, कव्हर न काढताच झटापट करत होते. लाजच वाटली.

कव्हर काढून बाईंनी आधी वीस मिनिटं टॅब चार्जिंगला लावला. मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरलं. "स्क्रीन काली हो जाए, तब भी छोड़ना नहीं. निशान आए, तब छोड़िए." आई ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. निशाणी आली, आणि या वेळी टिकली. लिखाण जसंच्या तसं होतं. आईनं बाईंचे दोन्ही हात धरले. बाईंनी शंभर रुपये घेतले, तेही आग्रह केल्यावर.

संध्याकाळी घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी आई म्हणाली, "घे कॉपी."

मी घेतली. "वाचू?" विचारलं.

"तू नको. मीच वाचते."

आणि चष्मा पुसून तिनं सुरुवात केली. वॉर्डातला पहिला दिवस, वय एकोणीस, हातात इंजेक्शन घेऊन नुसतीच उभी, आणि पेशंटच तिला म्हणतोय, घाबरू नको पोरी. मी आजवर आईला कधी घाबरलेलं पाहिलंच नव्हतं. त्या मुलीची आणि माझी ही पहिलीच भेट होती.