अप्पांनी धरलेला दिवस

मेंढरांच्या ढेकरांनी पृथ्वी तापते, ही बातमी माझ्या आईबापांना मी माझ्या तोंडाने दिली. आळंद तालुक्यातल्या आमच्या गावात, मारुतीच्या पारावर, सगळ्या भावकीदेखत. त्या दिवशीचा राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही धनगर. घरात मीच पहिली शिकले आणि गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत, शाळेत शिकवायला लागले. कडगंचीच्या माळावर विद्यापीठाच्या भिंती वर यायला लागल्या होत्या, त्या सुमाराची ही गोष्ट. बाहेरगावची एक संस्था आमच्या गावात आली. तिचे मोठे साहेब पार दक्षिणेकडचे. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही मराठी, कन्नड आणि दखनी येते. साहेबांना तिन्हीपैकी एकही येत नव्हती. म्हणून इंग्रजीचं मराठी करून सांगायला मला बोलावलं. मीही मोठ्या हौसेने गेले, गावात शान होईल म्हणून.

त्यांना आमचं गायरान हवं होतं. दूर कुठल्या तरी देशात एक कारखाना धूर सोडत होता आणि पुढेही सोडणार होता. त्या धुराच्या बदल्यात आमच्या गायरानावर झाडं लावायची, भोवती तारेचं कुंपण घालायचं, आणि झाडं मोठी होईपर्यंत आत मेंढरू येऊ द्यायचं नाही. कागदावर तो धूर मिटला असं धरलं जाणार होतं. त्यासाठी गायरानात मेंढरं चारणाऱ्यांचे अंगठे हवे होते, आणि सगळ्यात मोठा कळप आमचा होता. अप्पांनी अंगठा दिला की भावकीने दिलाच. गायरान गेलं की मेंढरं गेली, आणि मेंढरं गेली की माझ्या आईबापांनी म्हातारपणी पुण्यात कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकाशी राखण करत बसायचं.

पण आधी अप्पांबद्दल सांगायला हवं. माझे वडील आभाळ वाचायचे. वारा कुठून फिरला, चंद्राला खळं किती लांब पडलं, मेंढरं वाऱ्याकडे तोंड करून बसली की पाठ करून, यावरून ते बोलायचे आणि बहुतेक तसंच व्हायचं. म्हणून भावकीतल्या पाच घरांच्या मेंढरांची लोकर कातरायचा दिवस अप्पांनी धरायचा, असा रिवाज होता. होळी जळाली, थंडी पळाली, हे सगळेच म्हणतात. आमच्याकडे ते नुसतं म्हणणं नव्हतं, त्यावर काम चालायचं. होळी झाली की अप्पा चार-सहा दिवस आभाळ बघायचे आणि एका सकाळी सांगायचे, उद्या. मग पाचही कळप ओढ्याच्या डोहात धुवायचे, वाळवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळी माणसं कातऱ्या घेऊन एकदम बसायची. बायका हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, शिजवायच्या. संध्याकाळपर्यंत एकाही मेंढराच्या अंगावर लोकर राहायची नाही. कोकरं आपल्याच आयांना ओळखायची नाहीत आणि ओरडून गाव डोक्यावर घ्यायची. आम्ही मुली हसून हसून लोळायचो.

मी दहावीला होते त्या वर्षीही अप्पांनी असाच दिवस धरला. कातरणी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आभाळ निळंकाळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. गारा थांबल्यावर पाऊस, आणि पावसाबरोबर असा गार वारा की पौषातही तसा कधी बघितला नव्हता. मेंढरं एकमेकांत शिरून उभी राहिली. त्यांची कातडी गुलाबी दिसत होती. मायने पेटीतली सगळी लुगडी बाहेर काढली आणि मेंढरांवर टाकली. मी रिकामी पोती टाकली, माझी शाळेची सतरंजी टाकली. लोकर घरात पोत्यांत भरून ठेवलेली होती आणि मेंढरं बाहेर उघडी होती. सकाळी अर्ध्याहून जास्त कळप आडवा पडला होता. भावकीतल्या दोन घरांत तर बोटावर मोजण्याइतकी मेंढरं उरली. त्यातला एक चुलता पाडव्याच्या आत बायकापोरांसह पुण्याला गेला आणि बांधकामावर लागला.

अप्पांना कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी माणसं दिवस विचारायला आली तेव्हा अप्पा म्हणाले, "मला इचारू नका." एवढंच. त्यानंतर जो तो आपापल्या मनाने कातरायला लागला आणि हुग्गीचा तो मोठा हंडा कुणी चुलीवर चढवला नाही. अप्पांनी मेंढरं सोडली नाहीत, पुन्हा वाढवलीही, पण अंगणात उभं राहून वर बघणं त्यांनी कायमचं बंद केलं. आम्ही जेवताना कुणी 'आभाळ आलंय' म्हटलं की ते ताटावरून उठायचे. माझा भाऊ हुमनाबादला लारीवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. बाप मुका झालेल्या घरात त्याला राहवत नव्हतं, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं.

तर ती सभा. पारावर पांढरी चादर बांधली होती आणि तिच्यावर चित्रं दाखवत होते. बर्फाचा कडा तुटून समुद्रात पडत होता. कुठल्या तरी बेटावरच्या घरात गुडघाभर खारं पाणी शिरलं होतं आणि एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. भेगा पडलेली जमीन होती, जळणारं रान होतं. साहेब सांगत होते की माणसाने दोनशे वर्षं कोळसा जाळला, तेल जाळलं, जंगलं तोडली, त्याची हवा वर साठत गेली आणि उष्णता बाहेर जाईना. ऋतू त्यामुळेच जागेवर राहिले नाहीत, सगळ्या जगात. मी सोपं करून सांगितलं, "पृथ्वीवर घोंगडी पडलीय, आणि ती दरवर्षी जाड व्हायलीय."

मायने लगेच विचारलं, "इणली कुणी ती घोंगडी?"

मी हे साहेबांना सांगितलं. ते हसले, चांगला प्रश्न आहे म्हणाले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. त्यात मेंढरू होतं. मेंढरं, गुरं रवंथ करतात, ढेकर देतात, त्यातून असाच एक वायू जातो, शिवाय ती गवत खाऊन जमीन उघडी करतात, म्हणून गायरान मोकळं करणं हे तुमचं जगावर उपकाराचं काम आहे. हे सगळं मी मराठीत सांगितलं. लोक आधी हसले. माय हसली नाही. ती उठून उभी राहिली.

कडुलिंबाखाली साहेबांची गाडी उभी होती. ड्रायव्हर आत झोपला होता, आणि त्याला गार लागावं म्हणून गाडी सभा सुरू झाल्यापासून चालूच होती. मायने तिकडे बोट केलं.

"सायेबाला म्हण, माझं मेंढरू ढेकर देतंय, खरं हाय. गवत खातंय, त्येबी खरं. पण तुमची ही गाडी सकाळधरनं तिथं उभ्या उभ्या ढेकरा द्यायलीय, तिनं काय खाल्लं? माझ्या ल्योकाच्या लारीचा धूर लिवा, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ज्यांनी दोनशे वर्सं जाळलं त्यांचं कुंपण कुठं घालायलाव? ती गाठोडंवाली बाई, तिनं काय जाळलं होतं? तिलाबी कुणी इचारलं नसंल."

पहिल्यांदा मी ते मऊ करून सांगितलं: ही बाई गाडीबद्दल विचारतेय. माय मला ओळखून आहे. म्हणाली, "एवढंच न्हाई बोलले मी. सगळं सांग." मग मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, की याला आमच्यात चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. साहेबांचा चेहरा पडला. कुणीतरी जाऊन गाडी बंद केली. तेवढ्या शांततेत मागच्या रांगेतून अप्पांचा आवाज आला. चारचौघांत ते बोलल्याला बारा वर्षं तरी झाली होती.

"त्यास्नी इचार, ऋतू जागेवर न्हाईत म्हणतेत, ते कवापासून?"

साहेब म्हणाले, पुष्कळ वर्षांपासून, हळूहळू.

अप्पा उभे राहिले. हातातलं पटक्याचं टोक ते पिळत होते. "म्हणजे होळीनंतरच्या त्या गारा... तवा माझा दिवस चुकला न्हवता?"

सगळी भावकी वळून बघायला लागली. त्यात कळप गमावलेल्या त्या दोन घरांतली, गावात मागे राहिलेली माणसंही होती. मी इंग्रजीत विचारलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी विचार करून खरं तेच सांगितलं: एका गारपिटीबद्दल असं खात्रीने म्हणता येत नाही, फाल्गुनात गारा पूर्वीही पडायच्या, सगळं मिळून पाहावं लागतं.

अप्पा माझ्याकडे बघत होते. दहावीतल्या त्या सकाळी मेलेल्या मेंढरांमध्ये उभे असताना ते असेच माझ्याकडे बघत होते, आणि तेव्हा मला काही सुचलं नव्हतं.

"न्हाई अप्पा," मी म्हणाले. "सायेब म्हणायलेत, तुमचा दिवस चुकला न्हवता. आभाळच बिघडवलेलं होतं."

माय माझ्याकडे बघून चटकन खाली बसली. तिला इंग्रजी येत नाही, पण मी तिची लेक आहे.

अप्पांनी डोळे पुसले, पटका नीट केला आणि पुढे आले. टेबलावर कागद होता, शाईचा डबा उघडा होता. त्यांनी डब्याचं झाकण उचललं आणि बसवलं. "आभाळ बिघडवणाऱ्यानं आमालाच गायरान मागायचं, कामून?" म्हणाले. "सांग त्यास्नी. झाडं आमीबी लावताव, बांधावर, ओढ्याला. कुंपण न्हाई." त्यांच्यामागे भावकीतला एकही अंगठा उमटला नाही. कुंपणाचे खांब पुढे काही महिने चावडीमागे पडून होते, मग ट्रॅक्टरवर घालून दुसऱ्या कुठल्या गावाला नेले. तिथल्या लोकांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते मला टोचतं.

पुढे मी वर्गात मुलांना पृथ्वी तापण्याचं हेच शिकवायला लागले, आणि साहेब बरोबर होते हे मला चांगलं कळतं. एका गारपिटीचा दोष कुणाच्या नावावर ठामपणे लावता येत नाही. मग बारा वर्षं तो एकट्या माझ्या बापाच्या नावावर कसा लागला होता? त्याचा पुरावा कुणी मागितला होता? मी एक वाक्य खोटं सांगितलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

पुढच्या होळीनंतर पाच घरांची माणसं आमच्या अंगणात येऊन बसली. कुणी काही विचारलं नाही, चहा पिऊन नुसती बसून राहिली. अप्पा उठले, अंगणाच्या मधोमध गेले आणि त्यांनी मान वर केली. "होळीवर आता भरवसा ठिवू नका," ते म्हणाले. "दिवस मी सांगतो."

मायने माळ्यावरून हुग्गीचा हंडा खाली काढायला घेतला.