तीन मिलिमीटर कमी

नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं ड्रॉइंग काढते आहे, आणि खरं सांगायचं तर आता वीट आलाय. ड्रॉइंगचा नाही हो, ड्रॉइंगच्या भोवतीच्या लचांडाचा. पारनेरहून सकाळची एसटी धरायची, उभ्याने यायचं, आणि आल्या आल्या कुणीतरी हातात कागद ठेवून म्हणायचं, "मॅडम, एवढं बघा जरा." ते पत्रही असंच हातात ठेवलं होतं.

पत्र वकिलाचं होतं. तुम्ही वापरता तो ड्रॉइंगचा प्रोग्राम विकत घेतलेला आहे का, पुरावा दाखवा. आता आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या शेडमध्ये तो कुणाकडून तरी कॉपी करून आणलेला. आमच्यातही तोच. वर त्याच महिन्यात आमच्या मोठ्या पार्टीने हमीपत्र मागितलं. मशीनखाली बसणाऱ्या लोखंडी प्लेटा आम्ही त्यांना करून देतो. त्यांना लिहून हवं होतं की आमच्याकडचं झाडून सगळं सॉफ्टवेअर कायदेशीर आहे. नाहीतर काम बंद.

शेठ म्हणाले, "ते फुकटवालं काहीतरी असतं ना मॅडम? ते टाका." चहात साखर टाका म्हणावं तसं.

कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती सिस्टीमही आमची कॉपीचीच होती; तिच्या जागी फुकटची सिस्टीम मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून टाकली. ती कायदेशीर, त्यात वाद नव्हता. घोडं अडलं प्रोग्रामवर. कपाटात एक जुनी प्रत सापडली, बिलासकट घेतलेली, अस्सल. पण ती दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमसाठी बनवलेली. ती आमच्या फुकटच्या सिस्टीमवर चालावी म्हणून मध्ये आणखी एक फुकटचं सॉफ्टवेअर घालावं लागतं. ते प्रोग्रामला भासवतं की तू तुझ्याच घरी आहेस. असं भासवलेलं कायद्याला चालतं का? मी ते इंग्रजी करारपत्र डिक्शनरी घेऊन वाचलं. एका संगणकावर वापरा असं होतं, अमुक सिस्टीम लागते असंही होतं. दुसरीवर चालवलं तर काय, ते कुठेच नाही. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी तीनदा म्हणाली, "नॉट सपोर्टेड, मॅडम." अगं बाई, पण गुन्हा आहे का? "नॉट सपोर्टेड, मॅडम." ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, लिहिलं नाही म्हणजे चालतं असं नाही, आणि चालत नाही असंही नाही. घ्या!

शेठनी हमीपत्र माझ्यापुढे सरकवलं. "कॉम्प्युटर तुमच्याकडे, सही तुमची." मी केली. नोकरी सोडून जायचं कुठे या वयात?

प्रोग्राम चालला एकदाचा. मध्येच गोठायचा, अक्षरांच्या जागी चौकोन यायचे, पण चालला. प्रिंटही आल्या.

आता चाचांचं सांगते. चाचा म्हणजे आमचे मार्किंगवाले, प्लेटांवर भोकांच्या खुणा करणारे, नगर शहरातले. वयाची साठी कधीच उलटली होती, पण शेठ वर्षावर्षाने त्यांना ठेवून घेत होते, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यांची एक पद्धत होती. माझ्याकडून ड्रॉइंग मापाएवढंच छापून घ्यायचं, तो कागद खळीने प्लेटवर चिकटवायचा आणि कागदावरूनच भोकांच्या मधोमध पंच मारायचा. पट्टी लावायची गरजच नाही. पहिली प्लेट झाली की दुसरा तसाच कागद तिच्यावर ठेवून बघायचे. भोकावर भोक बसलं की पुढचं काम सुरू. एवढ्या वर्षांत एक भोक हुकलं नव्हतं.

नव्या सिस्टीमवरचा पहिला लॉट गेला आणि मंगळवारी अख्खा परत आला. टेम्पोतून प्लेटा उतरवताना जो आवाज होतो ना, तो सगळ्या शेडला कळतो. बोल्ट बसत नव्हते. दोन टोकांच्या भोकांत तीनशे मिलिमीटर हवे होते, दोनशे सत्त्याण्णव भरत होते.

"म्हातारं झालं आता," शेठ सगळ्यांदेखत म्हणाले. "दिसत नाही त्यांना."

चाचांनी एक प्लेट उचलून दारात उजेडात नेली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, नजरंचंच झालं आसंल. मला तर कागदावर बरोबर दिसत हुतं."

त्यांच्या त्या बोलण्यानेच माझं लक्ष कागदाकडे गेलं. जेवणाच्या सुट्टीत केबिनचं दार लोटलं आणि प्रिंटवर स्टीलची पट्टी ठेवली. दोनशे सत्त्याण्णव. स्क्रीनवर तीनशे, कागदावर दोनशे सत्त्याण्णव. त्या मधल्या सॉफ्टवेअरने छापताना ड्रॉइंग कागदात बसावं म्हणून जरासं आवळलं होतं. छापायच्या आधी 'कागदात बसवा' अशी एक चौकट येत होती, तिच्यातली खूण काढली. पुढची प्रिंट तंतोतंत आली.

त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. चूक कशामुळे झाली ते पार्टीला लिहून द्यावं लागतं. प्रिंट चुकली लिहिलं की त्यांचा माणूस येणार, कुठल्या सिस्टीमवर छापलं विचारणार, आणि हमीपत्रावर सही माझी. मी स्वतःला म्हटलं, दोन दिवस थांबू. शनिवारी चाचांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. ते सगळ्यांना सलाम करून गेले, मला सुद्धा. मी मान वर केली नाही. भित्रटपणा होता, दुसरं काय म्हणू?

एकोणीस दिवस गेले. अन्न गोड लागत नव्हतं, घरच्यांवर उगाच ओरडत होते. शेवटी शेठकडे गेले आणि सगळं सांगितलं, पट्टी ठेवून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पार्टीला आपण माणसाची चूक म्हणून कळवलंय, त्यांनी ते मान्य केलंय. मिटलेलं कशाला उकरता, मॅडम? तुमच्याच अंगाशी येईल."

तिथून निघाले ती सरळ चाचांच्या घरी. दुपारची वेळ. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते, डोळ्यांवर नवा चष्मा. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. आत चहा सांगितला. म्हणाले, स्कूटर भावाला देऊन टाकली, आता नजरंचा भरवसा न्हाई, उगं कुणाला धडकायचो. पेपर वाचायचा पण सोडला.

मी एका दमात सांगून टाकलं. कागदच आखूड होता. तुमची चूक नव्हती. मला त्याच दिवशी कळलं होतं.

चाचांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"कागद खोटा आसंल आसं माझ्या मनात पन आलं न्हाई," ते म्हणाले. "तुमचा कागद हुता ना."

"चुकले मी, चाचा. शेठनाही सांगितलं."

"काय म्हनले?"

खोटं बोलवेना. मिटलंय म्हणाले, असं सांगितलं.

चहा आला, त्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, रागाने नाही, अगदी दमल्यासारखं, "डोळे गेले म्हनून काम गेलं, हे मला पटलं हुतं, ताई. सवय करत हुतो. आता ह्या चांगल्या डोळ्यांचं काय करू मी?"

मी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.